नाव न झालेल्या खेळाडूंची बेसबॉल कार्डं जमवायची तर कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही न्यू जर्सीत नवीन राहायला आलात, गराज सेलमध्ये १९८७ ते १९९२ च्या बेसबॉल कार्डांचे दोन मोठे खोके अगदी स्वस्तात मिळाले, आत ओळखीचं नाव जवळजवळ नाहीच, नेटवर बघितलं तर बहुतेक कार्डांना काही किंमत नाही, आणि तरीही ते टाकवत नाहीयेत. तर अशा खेळाडूंची कार्डं कुणी जमवतं का, आणि जमवायची तर सुरुवात कुठून करायची.

जमवतात. मी बरीच वर्षं मुख्यतः हीच जमवतोय, म्हणजे ज्यांच्याबद्दल खूप बोललं गेलं आणि मग काही झालं नाही असे प्रॉस्पेक्ट (पुढे मोठे होतील असं वाटणारे तरुण खेळाडू), आणि ज्यांनी आयुष्यभर उत्तम खेळून सुद्धा ज्यांचं नाव कुणी घेत नाही असे. कारण एकच सांगतो, बाकी सगळं त्यातूनच येतं. मोठ्या खेळाडूचं कार्ड तुम्हाला तेच सांगतं जे तुम्हाला आधीच माहितीये. पण न झालेल्या खेळाडूचं कार्ड हा त्या दिवशी लोकांना काय वाटत होतं त्याचा छापील पुरावा असतो, नंतर कुणी तो दुरुस्त केलेला नसतो. आपल्याकडे अमोल मुझुमदारचं नाव निघालं की पदार्पणातले २६० आणि भारताची कॅप न मिळणं हे दोन्ही एकाच श्वासात येतं ना, तसंच काहीसं ह्या कार्डांचं आहे, फक्त इथे ते हातात धरता येतं.

आधी किंमतीचं बोलून टाकू म्हणजे मन मोकळं होईल. १९५६ मध्ये टॉप्स ह्या कार्डं छापणाऱ्या कंपनीने बोमन ही दुसरी कंपनी विकत घेतली आणि तिथून १९८० पर्यंत बाजार जवळजवळ एकट्या टॉप्सचा होता. १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस आले, १९८८ ला स्कोअर, १९८९ ला अपर डेक. त्याच काळात जुन्या कार्डांचे भाव वाढताना लोकांनी पाहिले होते त्यामुळे सगळ्यांनी नवीन कार्डं गुंतवणूक म्हणून खोकेच्या खोके भरून ठेवली, आणि कंपन्यांनी मागणी बघून छापतच राहायचं ठरवलं. जुनी कार्डं महाग झाली कारण पोरांनी ती सायकलच्या चाकात लावली, आयांनी टाकून दिली, उरली थोडी. ही कुणी टाकलीच नाहीत. म्हणून १९८७ ते १९९३ च्या आसपासचा सगळा माल आज जंक वॅक्स (म्हणजे मेणकागदी पाकिटांतली रद्दी) म्हणून ओळखला जातो आणि १९५२ च्या टॉप्सचं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं तरी तुमच्या खोक्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. विकायचे असतील तर खोक्यानेच विकले जातील, थोडक्यात. पण ह्याचा दुसरा अर्थ असा की वाचायला, समजून घ्यायला, जमवायला इतका मोठा साठा इतक्या कमी पैशात दुसऱ्या कुठल्याच छंदात मिळत नाही.

आता सुरुवात. खोक्यातून १९९० चा टॉप्स वेगळा काढा, रंगीबेरंगी बॉर्डरवाला, लगेच ओळखू येईल. पूर्ण सेट ७९२ कार्डांचा आहे. त्यात १९८९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडलेल्या पोरांची काही कार्डं आहेत, समोर ड्राफ्ट पिक असं लिहिलेलं असतं. ड्राफ्ट म्हणजे शाळा-कॉलेजातून खेळाडू निवडायची वार्षिक फेरी, सहसा खालच्या नंबरवर असलेल्या टीमला आधी संधी. त्या वर्षी पहिला गेला बेन मॅकडोनल्ड, बाल्टिमोरकडे. चौथा जेफ जॅक्सन, फिलाडेल्फियाकडे. सहावा पॉल कोलमन, सेंट लुईस. सातवा फ्रँक थॉमस, शिकागो व्हाइट सॉक्स. आठवा अर्ल कनिंगहॅम, शिकागो कब्ज. थॉमस २०१४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. जॅक्सन, कोलमन, कनिंगहॅम ह्या तिघांपैकी एकही जण मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एक सामना सुद्धा खेळला नाही. ही सगळी कार्डं एकाच कारखान्यात एकाच कागदावर छापलेली आहेत, आणि ज्या दिवशी ती पाकिटात भरली त्या दिवशी ह्यातला कोण कोण होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती चार-पाच कार्डं एका प्लास्टिकच्या पानात शेजारी शेजारी लावून बघा, मी जे सांगतोय ते जास्त न बोलता कळेल. (थॉमसच्या कार्डाचा नंबर ४१४, समोर नाव छापलंय ना ते नीट बघा, काही मोजक्या कार्डांवर छपाईतल्या गडबडीमुळे नाव उडालंय आणि फक्त त्याच कार्डाला खरोखर मोठी किंमत आहे.)

१९८७ चा टॉप्स पण असेलच, लाकडी फळीसारख्या बॉर्डरचा. त्यात फ्युचर स्टार्स लिहिलेली कार्डं आहेत. बो जॅक्सनचं सगळ्यांना माहितीये, पण त्याच्याबरोबर टिम पिझनार्स्की नावाच्या सॅन डिएगोच्या खेळाडूचं पण आहे. हा १९८६ मध्ये मायनर लीगमध्ये (खालच्या, तयारीच्या लीगमध्ये), लास व्हेगसकडून, जबरदस्त खेळला होता, सीझनच्या शेवटी त्याला वर बोलावलं, १५ सामने मिळाले, आणि त्यानंतर मेजर लीगमध्ये तो कधीच खेळला नाही. म्हणजे हे कार्ड दुकानात आलं तेव्हा त्याची वरची कारकीर्द संपलेली होती आणि कार्डावर मात्र फ्युचर स्टार. मला अख्ख्या १९८७ च्या सेटमध्ये सगळ्यात जास्त आवडणारं कार्ड कुठलं विचाराल तर हेच.

आणि १९९२ चा टॉप्स मिळाला तर ६ नंबरचं कार्ड शोधा, ब्रायन टेलर. हा नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्ट गावचा डावखुरा पिचर, १९९१ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क यांकीजने देशात पहिला निवडला आणि साडेपंधरा लाख डॉलर दिले, जे तेव्हा ड्राफ्टमधल्या कुणालाच मिळाले नव्हते. पहिल्याच सीझनला, १९९२ मध्ये, १८७ स्ट्राइकआउट, म्हणजे फटका मारू न देता बाद केलेले बॅटर. पुढच्या वर्षी एक पायरी वर, तिथे १३ विजय. मग डिसेंबर १९९३ मध्ये गावी भावाची बाजू घेताना झालेल्या मारामारीत त्याचा डावा खांदा गेला, तोच बॉलिंगचा, म्हणजे पिचिंगचा. ऑपरेशन झालं, प्रयत्न झाले, तो वेग परत आला नाही, आणि यांकी स्टेडियममध्ये एक बॉल टाकायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. ह्याच सेटमध्ये त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधला तेरावा खेळाडू पण आहे, मॅनी रामिरेझ, ज्याने नंतर ५५५ होमरन मारले. त्या वर्षी दुकानात टेलरचं कार्ड काचेखाली असायचं आणि रामिरेझचं कॉमनच्या, म्हणजे साध्या स्वस्त कार्डांच्या, गठ्ठ्यात. टॉप्सने तेव्हा सोनेरी छपाईचा टॉप्स गोल्ड सेट काढला होता, त्याच्या फॅक्टरी सेटमध्ये (कंपनीनेच पूर्ण भरून विकलेल्या सेटमध्ये) टेलरची सही केलेलं कार्ड टाकलं होतं, ते आजही आवाक्यात मिळतं. मी ते घ्या म्हणून सांगेन, पहिल्या काही खरेद्यांपैकी एक म्हणून.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून पाळा. ह्या लोकांना फ्लॉप, वाया गेलेले असलं काही म्हणत जमवू नका, बरेच जण तसं जमवतात आणि त्यांचा संग्रह वर्षभरात कंटाळवाणा होतो. डेव्हिड क्लाइडचं बघा. १९७३ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, वय १८, ह्यूस्टनच्या शाळेतून बाहेर पडून काही आठवडेच झालेले. टेक्सास रेंजर्सचं स्टेडियम रिकामं पडायचं, मालकाला प्रेक्षक हवे होते, म्हणून पोराला मायनर लीगमध्ये तयार होऊ न देता २७ जूनला थेट मेजर लीगच्या सामन्यात उतरवलं. स्टेडियम खचाखच भरलं, तो जिंकला पण, पाच इनिंगमध्ये एकच हिट (बॅटरचा यशस्वी फटका) दिला. ठरलं असं होतं की दोन सामने खेळवून त्याला खाली पाठवायचं. पाठवलं नाही, कारण तिकिटं खपत होती. शेवटी हात दुखावला, १८ विजय ३३ पराभव, आणि विशीतच सगळं संपलं. त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा रॉबिन यौंट होता, चौथा डेव्ह विनफिल्ड, दोघेही हॉल ऑफ फेममध्ये. क्लाइडचं १९७४ च्या टॉप्समधलं कार्ड, १३३ नंबर, मी हातात घेतो तेव्हा मला तो कमी पडला असं अजिबात वाटत नाही, त्याच्याशी जे वागले ते आठवतं आणि रागच येतो.

दुसरी बाजू म्हणजे दुर्लक्षित. हे लोक खेळले, भरपूर खेळले, फक्त लोकांच्या तोंडी राहिले नाहीत. लू व्हिटेकर हे माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण. डेट्रॉइटचा सेकंड बेसमन, १९७७ ते १९९५, २,३६९ हिट, २४४ होमरन. त्याच्या शेजारी शॉर्टस्टॉपला अ‍ॅलन ट्रॅमेल, दोघं एकाच दिवशी मेजर लीगमध्ये आले आणि जवळजवळ वीस वर्षं शेजारी शेजारी उभे राहिले. ट्रॅमेल २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. व्हिटेकर २००१ मध्ये पहिल्याच मतदानात ५ टक्के सुद्धा मतं न मिळाल्यामुळे यादीतून बाहेर. दोघांची रुकी कार्डं (खेळाडू नवीन असतानाची पहिली कार्डं) १९७८ च्या टॉप्समध्येच आहेत, ट्रॅमेल ७०७ नंबरच्या शॉर्टस्टॉपच्या कार्डावर (पॉल मोलिटरबरोबर, त्यामुळे महाग) आणि व्हिटेकर ७०४ वर, सेकंड बेसच्या चार नवीन पोरांत. किंमतीतला फरक बघा, खेळातला फरक बघा, आणि मग कुठलं घ्यायचं ते ठरवा.

ही एका कार्डावर तीन-चार चेहरे असलेली रुकी कार्डं हा माझा सगळ्यात लाडका भाग आहे, जरा जास्त लिहितो. टॉप्स साठ-सत्तरच्या दशकांत आणि नंतरही काही वर्षं बऱ्याच नवीन खेळाडूंना स्वतंत्र कार्ड न देता गटाने छापायचे. त्यामुळे एखाद्या महान खेळाडूच्या खांद्याला खांदा लावून असे लोक कायमचे छापले गेलेत ज्यांचं नाव कार्ड विकणारा पण वाचत नाही. १९८२ चं २१ नंबर, बाल्टिमोर फ्युचर स्टार्स: कॅल रिपकेन, बॉब बॉनर, जेफ श्नायडर. सगळे ह्याला रिपकेनचं कार्ड म्हणतात. बॉनर शॉर्टस्टॉप होता, म्हणजे रिपकेनने पुढे जी जागा वर्षानुवर्षं अडवून ठेवली तीच. तो सगळे मिळून ६१ सामने खेळला आणि नंतर मिशनरी म्हणून झांबियात गेला. श्नायडरला ११ सामने मिळाले, सगळे १९८१ चेच. १९६७ चं ५८१ नंबर: टॉम सीव्हर आणि बिल डेनही, न्यूयॉर्क मेट्स. डेनही आयुष्यात एकच सामना जिंकला, दहा हरला. पण त्या सीझननंतर मेट्सने त्याला वॉशिंग्टनला दिलं ते मॅनेजर गिल हॉजेसला आपल्याकडे आणण्याच्या बदल्यात, आणि हॉजेसच्या हाताखाली मेट्सने १९६९ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. हे कार्ड सीव्हरमुळे महाग आहे, लगेच घ्यायची घाई करू नका.

त्याऐवजी १९७३ चं ६१४ नंबर बघा. ह्या कार्डाएवढं बोलणारं कार्ड मला दुसरं माहीत नाही. तीन आउटफिल्डर आहेत. अल बम्ब्री, त्याच वर्षी अमेरिकन लीगचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा, झाला. चार्ली स्पाइक्स, यांकीजचा मोठा प्रॉस्पेक्ट, ज्याच्या बदल्यात क्लीव्हलंडने ग्रेग नेटल्सला सोडलं, आणि जो दोन चांगल्या वर्षांनंतर मागे पडत गेला. आणि ड्वाइट एव्हन्स, ३८५ होमरन, ८ गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस), उजव्या फिल्डमधून असा थ्रो की रनर जागेवरून हलायचे नाहीत, आणि तरी १९९९ मध्ये तिसऱ्याच मतदानाला हॉल ऑफ फेमच्या यादीतून गेला. म्हणजे लगेच यश, हरवलेला प्रॉस्पेक्ट आणि दुर्लक्षित मोठा खेळाडू, तिघं एका कार्डावर. त्या वर्षीच्या सेटच्या शेवटच्या सिरीजमधलं (हप्त्यातलं) असल्यामुळे थोडं कमी सापडतं पण कोपरे घासलेलं चालणार असेल तर परवडतं. पुढचंच ६१५ नंबर माइक श्मिटचं आहे म्हणून विकणारे तिकडेच बघत असतात.

आता जमवायची पद्धत. सगळं जमवायला जाऊ नका, एक धागा धरा. कुणी एकच खेळाडू धरतं आणि त्याची निघालेली सगळी कार्डं मिळवतं, हे न झालेल्या खेळाडूच्या बाबतीत खरंच पूर्ण होऊ शकतं, केन ग्रिफीसारख्या गाजलेल्या खेळाडूच्या बाबतीत जन्मात होणार नाही. मला विचाराल तर ग्रेग जेफरीज सुरुवातीला छान आहे. मेट्सचा, १९८६ आणि १९८७ असा लागोपाठ दोनदा मायनर लीगचा सर्वोत्तम खेळाडू, १९८८-८९ ला त्याच्या कार्डांवर लोक तुटून पडायचे, सगळ्या कंपन्यांची आहेत. आणि तो फ्लॉप नव्हताच, १४ सीझन, सरासरी .२८९, दोनदा ऑल स्टार. फक्त लोकांनी त्याच्यावर जेवढं लादलं तेवढं कुणालाच पेललं नसतं. कुणी एका ड्राफ्टची पहिली फेरी पूर्ण करतं. कुणी फक्त रुकी ऑफ द इयर झालेले आणि मग दिसेनासे झालेले जमवतं, जो शारबोनो वगैरे, क्लीव्हलंडचा, १९८० ला २३ होमरन मारून बक्षीस घेतलं, पुढे पाठ गेली आणि एकूण २०१ सामन्यांत संपला. धागा कुठलाही चालेल पण तो तुम्हाला कार्ड घेताना नाही म्हणायला शिकवणारा पाहिजे.

मायनर लीगचे टीम सेट विसरू नका. टीसीएमए, प्रोकार्ड्स, बेस्ट अशा कंपन्यांनी गावोगावच्या छोट्या टीमचे तीसेक कार्डांचे सेट काढले. जे लोक वर पोचलेच नाहीत त्यांचं पुष्कळदा हे एवढंच कार्ड असतं. छपाई साधी, फोटो उन्हात डोळे बारीक केलेले, पण खरा खजिना इथे आहे.

खरेदी कार्ड शोमध्ये करा, डाइम बॉक्स आणि क्वार्टर बॉक्समधून (दहा किंवा पंचवीस सेंटला एक कार्ड असे खोके), उभं राहून एकेक कार्ड चाळत. विकणाऱ्याला धागा सांगा, पुढच्या वेळी तो स्वतःहून बाजूला काढून ठेवतो. ईबेवर मागितलेली किंमत बघूच नका, विकल्या गेलेल्या मालाची किंमत बघा. १९९० च्या साध्या कार्डाला दुर्मिळ एरर (छपाईतली चूक) म्हणून हजारो डॉलर लावलेले दिसतील, ते तसेच वर्षानुवर्षं पडून असतात. सुटी स्वस्त कार्डं हवी असतील तर स्पोर्टलॉट्स, सीओएमसी ह्या साईट बघा. आणि कार्ड घेतलं की त्या माणसाचं वाचा, आकडे बेसबॉल रेफरन्सवर, आणि आयुष्य सेबर ह्या संशोधकांच्या संस्थेने लिहिलेल्या चरित्रांत, अगदी दोन-चार सामने खेळलेल्या माणसाचं पण सापडतं. न वाचता घेतलेलं कार्ड माझ्या लेखी घेतलेलंच नाही.

नवीन प्रॉस्पेक्टच्या कार्डांपासून, म्हणजे बोमन, बोमन क्रोम (चकचकीत मुलाम्याची), सही केलेली, नंबर टाकलेली, ह्यांच्यापासून खेळाडू तरुण असताना लांब राहा. तेव्हा तो सट्टा असतो. पण तीन-चार वर्षांनी बाजाराने त्याला सोडून दिलं की जगात मोजून पाच असलेलं कार्ड सुद्धा जेवणाच्या बिलाएवढ्या पैशात येतं. मार्क अ‍पेलचं असंच झालं. २०१३ चा ड्राफ्टमधला पहिला, ह्यूस्टन, त्याच्यामागे दुसरा क्रिस ब्रायंट. अ‍पेलला दुखापती, मैदानावर बॅटरांकडून मार, २०१८ ला खेळ सोडला. सगळ्यांनी कार्डं काढून टाकली. २०२१ ला तो परत आला आणि जून २०२२ मध्ये, तिशीत, फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये उतरला. ज्यांनी त्याची कार्डं प्रेमाने ठेवली होती त्यांचा तो दिवस कसा गेला असेल ते मला चांगलं माहितीये.

ठेवण्याबद्दल पटकन: चांगली कार्डं पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकचं पाकीट) आणि मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकचं कव्हर), बाकीची नऊ खणांच्या पानांत, पण पानं पीव्हीसी नसलेलीच घ्या, जुनी पीव्हीसीची पानं कार्डाला चिकटतात. १९९१ ते ९३ ची चकचकीत स्टेडियम क्लबसारखी कार्डं एकावर एक राहिली तर वीट होते, ओढून काढू नका, हळू वाकवत एकेक सोडवा. पाकिटातल्या शेवटच्या कार्डावर मेणाचा डाग असेल तर नायलॉनच्या मोज्याने हलकेच घासा, जातो. च्युइंगमचा डाग जात नाही, राहू द्या. ग्रेडिंगला (कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवून घ्यायला) पाठवू नका, फी कार्डापेक्षा जास्त होते. आणि कार्डं भारतात नेणार असाल तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात क्रोमची कार्डं धनुष्यासारखी वाकतात, हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी हवीच.

भारताचा विषय निघाला म्हणून, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातली भालाफेकवाली पोरं, २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने घेतली. दिनेश लवकर परतला, रिंकू २०११ ला वेस्ट व्हर्जिनियाच्या टीमपर्यंत पोचला, मग दुखापती आणि नंतर कुस्तीचा रिंग. आपल्यापैकी कुणी हा छंद धरला तर धागा म्हणून हा कुणाच्याही आधी आपला आहे.

शेवटचं, सह्या. हा ह्या छंदातला सगळ्यात सुंदर भाग आहे आणि मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत आता जवळजवळ बंद झालाय. न झालेल्या खेळाडूला पत्र लिहा, हाताने, अर्धं पान, त्याच्या एखाद्या खऱ्या सामन्याबद्दल. सोबत एक किंवा फार तर दोन कार्डं, आणि स्वतःचा पत्ता आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. दहा कार्डं पाठवू नका, विकायला मागतोय असं वाटतं. काही जण एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी थोडे पैसे मागतात, द्या. बरेच जण सही करतातच, कधी उलट दोन ओळी पण लिहितात, आणि ह्यांच्या सह्यांची नक्कल करून कुणाला काही मिळणार नसल्याने खोट्या सह्यांची भीती पण फारशी नाही. पत्रात तुम्ही का झाला नाहीत हे विचारू नका. त्या दिवशी मैदानावर काय दिसत होतं ते विचारा, त्याची उत्तरं येतात.